गोड वाइनबरोबर मामा

भाचीच्या नवऱ्याला हौस फार. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा मात्र लागते, हे त्याला उशिरा कळलं. सुट्टीत तो एकटाच द्राक्षांच्या मळ्यांकडे फिरायला गेला होता. तिथे एका म्हाताऱ्याने त्याला उतरत्या उन्हात बाकावर बसवून इवलासा ग्लास हातात दिला. वेलीवरच सुरकुतेपर्यंत राखलेल्या द्राक्षांची, मधाच्या रंगाची, जेवण झाल्यावर घोट घोट घ्यायची गोड वाइन. नवरा त्या एका ग्लासावर असा भाळला की त्याने म्हाताऱ्याचं अख्खं कोठार विकत घेतलं. तो घरी पोचला, मागोमाग ट्रक पोचला, आणि पेट्या उतरायला लागल्या त्या उतरतच राहिल्या.

भाचीचं रेस्टॉरंट लहानसं होतं. वर मोजकी टेबलं आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, खाली तळघरात स्वयंपाकघर, आणि खालची ताटं वर यायला भिंतीतल्या भिंतीत एक छोटी लिफ्ट. स्वयंपाक भाची करायची. वाढायचं आणि गोड बोलायचं काम नवऱ्याकडे होतं. पेट्या आल्यापासून तिला ओव्हनपर्यंत अंग चोरून, तिरकं होऊन जावं लागायचं. ती त्यावर चकार शब्द बोलली नाही.

पंचाईत पुढेच होती. मळ्यावर अमृत वाटलेली ती वाइन इथे कशाशीच पटवून घेईना. नवऱ्याने चार जाणत्यांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की गोड पदार्थाबरोबर द्यायची तर वाइन त्या पदार्थाहून गोड हवी, नाहीतर पदार्थ तिची गोडी गिळून टाकतो आणि ग्लासात उरतं ते आंबट पाणी. ते जमत नसेल तर सरळ उलट्या टोकाचं काहीतरी द्यावं, खारट, कडवट, उग्र, म्हणजे दोघं एकमेकांना सावरून धरतात. नवऱ्याने चॉकलेट केक देऊन पाहिला. वाइन खोकल्याच्या औषधासारखी लागली. लिंबाचा टार्ट दिला; ती नुसता पाक झाली. खारवलेले बदाम ठेवले, तर लोकांनी बदाम संपवले आणि ग्लास तसाच ठेवून उठले. निळ्या बुरशीच्या चीजशी मात्र तिचं छान जमलं. फक्त त्या चीजचा दर्प असा होता की ते लिफ्टमधून वर येईपर्यंत गिऱ्हाइकं बिल मागून मोकळी व्हायची.

असं सगळं चाललेलं असताना मामा आले.

हे भाचीचे सख्खे मामा, नोकरीने लिफ्ट-तपासनीस. शहरातल्या झाडून साऱ्या लिफ्ट त्यांनी तपासल्या होत्या आणि त्यातली एकही त्यांच्या मनास आली नव्हती. चेहरा सदानकदा एरंडेल प्यायल्यासारखा. कुणी सहज "काय म्हणता?" असं विचारलं, तर ते खरोखरच सांगायला बसायचे. एकदा लग्न ठरत आलं होतं, पण मुलीच्या घरी गेल्यावर त्यांनी जिन्याचा कठडा जरा हलवून पाहिला आणि तो उपटून हातात आला. तो हातात धरूनच ते वर गेले आणि बैठकीत तेवढ्या एकाच विषयावर बोलले. नातेवाईक त्यांना पाठीमागे खाष्टमामा म्हणत. भाचीची आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणायची, "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." घरात काही समारंभ असला की त्याचं आमंत्रण मामांना समारंभ उरकल्यावर पोचायचं आणि दोष टपाल खात्यावर जायचा.

त्या दिवशी ते नात्याने नव्हे, कामाने आले होते. भिंतीतल्या लिफ्टची तपासणी होती. तिच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी आपली हत्यारांची पिशवी ठेवली, एक बशी खाली पाठवली, वर मागवली, पुन्हा पाठवली, आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. दोरी केविलवाणी आहे. दाराची कडी म्हणजे थट्टा आहे. खुर्ची अशी आहे की माणूस बसल्यावर तिच्यावर उपकार केल्यासारखं वाटतं. सूप दिलंत त्याचे आभार, पण ह्यात चमचा बुडवला की चमच्याला वाईट वाटतं.

शेजारच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन बसले होते. नवऱ्याने आग्रह करकरून त्यांच्यासमोर गोड वाइनचे दोन ग्लास ठेवले होते आणि दोघांनी एकेक घोट घेऊन ते सभ्यपणे दूर सारले होते. मामा चमच्याच्या दुःखापर्यंत आले तेव्हा डॉक्टरांनी, दुसरं काय करावं न सुचून, ग्लास उचलून तोंडाला लावला. त्यांचे डोळे मिटले. बायकोनेही घोट घेतला आणि डॉक्टरांचा हात घट्ट धरला. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या त्या जोडप्याकडून ही अपेक्षा नव्हती.

डॉक्टरांनी भाचीच्या नवऱ्याला बोलावून विचारलं की आता ह्यात काय घातलंत. मघाशी नुसती साखर होती. आता संत्र्याची साल आहे, अक्रोड आहे, कुठेतरी लांब पेटवलेल्या लाकडांचा धूर आहे. नवऱ्याला वाटलं, फुकटच्या ग्लासाची ही परतफेड आहे. तरी त्याने तिथेच उभ्याने एक घोट घेतला, आणि लगेच दुसरा. मळ्यावर तो जी प्यायला होता ती ह्या वाइनची धाकटी बहीणसुद्धा नव्हती.

एवढ्यात मामांनी लिफ्ट नापास केली, पिशवी उचलली आणि ते निघून गेले. दार लागलं. डॉक्टरांनी पुढचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"गेलं," ते म्हणाले.

नवरा हौशी असला तरी खुळा नव्हता. दोरी बदलली असं सांगून त्याने दुसऱ्याच दिवशी मामांना पुन्हा बोलावलं, आणि हातात ग्लास घेऊन त्यांच्या भोवती भोवती फिरून पाहिलं. मामा जवळ असले की वाइन चांगली लागायची. ते बोलायला लागले की अप्रतिम. ते पाठमोरे असताना निम्मी चव उतरायची. नवरा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला तर अक्रोड गेला, संत्र्याची साल तेवढी राहिली. त्याने खाली जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

भाचीने हातातली सुरी खाली ठेवली. "माझा मामा म्हणजे काय तोंडी लावणं आहे?"

"आहे," नवरा गंभीरपणे म्हणाला. "आणि असं तोंडी लावणं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही."

तिला त्याचा संताप आला. पण ती वर आली, मामांच्या समोर बसली, आणि मामा तिच्या केसांविषयी बोलत असताना तिने एक घोट घेतला. मग ग्लास ठेवून ती नवऱ्याला घेऊन खाली गेली. तिथे तिने त्याला एवढंच विचारलं, की मामा संध्याकाळचं कुठे जेवतात हे आपण आजवर कधी विचारलं का. त्याने नाही म्हटलं. "एकटाच जेवतो," ती म्हणाली. "ब्रेड आणि कसलंतरी डब्यातलं. बोलाव त्याला रोज."

अशा रीतीने मामा रोज संध्याकाळी येऊ लागले. त्यांना सांगितलं होतं की ह्या लिफ्टवर जाणत्या माणसाची नजर असलेली बरी. ते त्यांना पटलं. कचेरी सुटली की ते येत, लिफ्टशेजारी बसत, आणि जे दिसेल त्याला नावं ठेवत. बातमी पसरायला वेळ लागला नाही. डॉक्टरांनी आपल्या रोग्यांना सांगितलं, आणि तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला सगळं ऐकावंच लागतं. टेबलं भरू लागली. आधी मामांच्या शेजारच्या टेबलासाठी ओढाताण सुरू झाली, मग लोक आपापल्या खुर्च्या हळूहळू सरकवत त्यांच्याकडे आणू लागले. साडेआठच्या सुमारास सगळं रेस्टॉरंट एका कोपऱ्यात गोळा झालेलं असायचं आणि उरलेल्या जागेत नाच करता आला असता.

मग वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणारे एक गृहस्थ आले. ह्यांच्या जिभेचा शहरात दरारा होता. त्यांनी मामांच्या डावीकडे बसून एक ग्लास घेतला, उजवीकडे बसून एक घेतला, आणि लिहिलं की गोड वाइनला जोड कशाची हा जुना प्रश्न निकालात निघाला आहे. विकत घेतलेल्या कोठारात निरनिराळ्या वर्षांची वाइन होती, तेव्हा ते आणि नवरा मिळून बारकाव्यात शिरले. कोवळ्या, फिक्या वाइनबरोबर मामांची हवेविषयीची तक्रार जाते. मधल्या, सोनेरी वाइनला हल्लीच्या मुलांच्या चपला. आणि तळघराच्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या, काळपट बाटल्यांना एकच गोष्ट तोलून धरू शकते, ती म्हणजे मामांची हुकलेली बढती. ती लिफ्टमध्ये पाय ठेवायला घाबरणाऱ्या एका माणसाला मिळाली होती. बढतीची गोष्ट संपेपर्यंत लोक श्वास रोखून बसायचे. एका बाईंना रडू आलं. पण ते वाइनमुळे, असं त्यांनी स्पष्ट केलं.

ह्या सगळ्यात मामांना वाइन मात्र कुणी दिली नाही. भाचीने एकदा तसं सुचवलं, तर नवरा म्हणाला की पदार्थाला कुणी वाइन देतं का. मामांपुढे गरम पाण्याचा पेला असायचा. पाणी कोमट आहे अशी त्यांची तक्रार असायची, आणि ती दुसऱ्या ग्लासाला फार पोषक ठरायची.

त्यांच्या तोंडाला तोंड देणारी एकच व्यक्ती तिथे यायची. शहराबाहेर व्हिनेगरचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्या दर आठवड्याला स्वतः कॅन घेऊन येत. कॅन त्या बरोबर लिफ्टच्या तोंडाशी ठेवायच्या. मामा म्हणायचे, हा अडथळा आहे. बाई म्हणायच्या, अडथळा खुर्चीवर बसलाय, कॅन आपला जमिनीवर आहे. मग मामा थोडा वेळ गप्प होत आणि सगळ्या रेस्टॉरंटातली वाइन तेवढ्यापुरती फिकी पडे. नवऱ्याला ह्या बाई अजिबात आवडत नसत.

मामांना खरा प्रकार कळला तो फोनमुळे. भाचीचे हात पिठात होते, नवरा वर टेबलं मांडत होता, आणि मामा त्या दिवशी लवकर आले होते. फोन वाजला, त्यांनी उचलला. पलीकडचा माणूस चौघांसाठी टेबल मागत होता.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला, "आज मामा आहेत ना?"

"आहेत."

"कसे आहेत? म्हणजे, चांगले कडू आहेत का? मागच्या खेपेला आम्हाला लांब बसवलं होतं. नुसता पाक लागला हो."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पाय दुखतोय त्यांचा," ते म्हणाले. "बसमध्ये कुणीतरी पाय दिलाय. आज चांगले असतील."

"मग जुनी काळी बाटली काढून ठेवा," तो माणूस आनंदाने म्हणाला.

मामांनी फोन ठेवला आणि भाचीला वर बोलावलं. तिला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. नवरा सावधगिरी म्हणून जिन्याजवळ जाऊन उभा राहिला. मामांनी विचारलं की हे कधीपासून चाललंय, आणि तिने हात पुसत पुसत सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून. ऐकून झाल्यावर मामांनी समोरचा पेला बाजूला सरकवला.

"आजवर मला लोकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आहे," ते म्हणाले. "निघा आता. कुणी घड्याळ बघून सांगितलं, कुणी दिवा मालवून. 'बसा' म्हणणारे तुम्ही पहिलेच. कशासाठी का असेना."

मग त्यांनी ताठ पाठीची खुर्ची मागितली. एवढीच अट.

त्यानंतरचे दिवस रेस्टॉरंटच्या भरभराटीचे होते. मामा आता जाणूनबुजून, जीव ओतून कुरकुर करायचे. टेबलाजवळ जाऊन विचारायचे, कोणती बाटली घेतलीत, आणि त्याप्रमाणे विषय काढायचे. एका आजारी म्हातारीसाठी त्यांना घरपोचही पाठवलं. तिथला सोफा त्यांना इतका वाईट वाटला की म्हातारीने दोन ग्लास घेतले आणि पुन्हा उठून हिंडूफिरू लागली. रस्त्यात लोक त्यांना ओळखू लागले. कुणी हात करायचं, कुणी म्हणायचं, "मामा, परवा काय सुंदर वैतागला होतात!" रेस्टॉरंटात शिरले की सगळ्या माना वळायच्या.

आणि तिथेच माशी शिंकली.

पहिल्यांदा ते दातांच्या डॉक्टरांना जाणवलं. वाइनच्या शेवटाला काहीतरी वेगळंच लागतंय, ते म्हणाले, किंचित चुरचुरतंय. नवऱ्याने चौकशी केली तेव्हा कळलं की मामांनी सूप पिऊन "ठीक आहे" असं म्हटलं होतं. दोनच दिवसांनी त्यांनी एका तान्ह्या बाळाच्या गालाला हात लावला आणि त्या टेबलावरचे तिन्ही ग्लास परत आले. मामा केस विंचरून येऊ लागले. जिना चढताना त्यांच्या तोंडून कसलीतरी धून ऐकू यायची. एके संध्याकाळी त्यांनी भिंतीतल्या लिफ्टचं दार उघडलं, बशी खाली-वर केली आणि लिफ्ट पास केली. नवऱ्याने तळघरात जाऊन उरलेल्या पेट्या मोजल्या.

गोडाशी गोडाचा सामना झाला की जो जास्त गोड तो जिंकतो, हा नियम त्याला तोंडपाठ होता. मामा वाइनच्या पुढे निघाले होते. आता तळघरातल्या साऱ्या पेट्या त्यांच्यापुढे आंबट ठरणार होत्या.

मग सगळ्यांनी मिळून मामांना वैताग आणायचं ठरवलं. नवऱ्याने त्यांच्या टेबलाच्या पायाखालून कागदाची घडी काढून घेतली. भिंतीवरचं चित्र तिरकं केलं. सुपात मुद्दाम गुठळ्या सोडल्या, आणि त्या सोडताना भाचीचा जीव तीळतीळ तुटला, कारण तिच्या हातच्या सुपात कधी गुठळी झाली नव्हती. बढती मिळालेल्या त्या माणसालाही शोधून काढून शेजारच्या टेबलावर बसवलं. मामांनी डगमगतं टेबल पाहिलं, तिरकं चित्र पाहिलं, एक गुठळी चावली, शेजारी वळून पाहिलं आणि ते सगळं ओळखून चुकले. त्यांचे डोळे भरून आले.

"एवढी धडपड," ते भाचीला म्हणाले, "माझ्यासाठी?"

त्या क्षणी रेस्टॉरंटातल्या सगळ्या ग्लासांमध्ये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाइन आंबली. खिडकीजवळच्या एका माणसाने ती सॅलडवर ओतून पाहिली आणि आणखी ब्रेड मागवला.

दुर्दैव असं की पुढच्याच शनिवारी ते जिभेचा दरारा असलेले गृहस्थ आपलं सबंध मंडळ घेऊन येणार होते. गोड वाइनच्या शौकिनांचं ते मंडळ होतं. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते, एक पियानो शिकवणाऱ्या बाई होत्या, आणि बाकीचे असे लोक होते की ज्यांना बघून माणूस आपोआप आवाज खाली आणतो. नवऱ्याने मामांना परिस्थिती सांगितली. मामा म्हणाले, काळजी करू नकोस, मी बघतो. त्यांनी खरंच कसूर ठेवली नाही. आदल्या रात्री उशीशिवाय झोपले. एक माप लहान बूट घातले. मुद्दाम खचाखच भरलेल्या बसने आले आणि दोन स्टॉप पुढे उतरून उलटे चालत आले.

मंडळ बसलं. जुनी काळी बाटली उघडली. नवऱ्याने सगळ्यांचे ग्लास भरले आणि मामांकडे बघून मान हलवली.

मामांनी समोरच्या सुपाचा चमचा तोंडात घातला. कपाळावर आठ्या आणल्या. "ह्या सुपात..." त्यांनी सुरुवात केली. सगळे पुढे झुकले. मामा शब्द शोधत राहिले. "ह्या सुपात मीठ," ते शेवटी हताश होऊन म्हणाले, "अगदी बेताचं पडलंय."

न्यायाधीशांनी ग्लास खाली ठेवला. नवऱ्याने मामांना खूण केली की बढती, बढती. मामांनी बढतीची गोष्ट सुरू केली. आवाज चांगला लागला होता. साहेबांचं ते पत्र, तो अपमान, सगळं नीट येत होतं. पियानोच्या बाईंचा चेहरा खुलायला लागला. मग गोष्ट त्या माणसापाशी आली, आणि मामा म्हणाले, "लिफ्टला घाबरायचा हो बिचारा. सात मजले रोज जिन्याने चढायचा. दम लागायचा, पण कधी उशिरा आला नाही. परवा भेटला तर त्याने आधी माझ्याच पायाची चौकशी केली. कष्टाळू माणूस. त्याला मिळाली ते बरंच झालं."

ग्लासातली वाइन गढूळ झाली. मंडळाची तोंडं नाडी ओढलेल्या बटव्यासारखी एकापाठोपाठ एक आवळत गेली. ते गृहस्थ जीभ रुमालाने पुसू लागले. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामा सगळ्यांची माफी मागू लागले, आणि ती इतकी मनापासून, की शेल्फावरची न उघडलेली बाटलीसुद्धा बुचातून हलकेच फुसफुसली.

व्हिनेगरवाल्या बाई त्याच वेळी कॅन घेऊन आल्या. दारातच त्यांनी नाक वर केलं. कॅन ठेवला, सरळ न्यायाधीशांसमोरचा ग्लास उचलला, हुंगला आणि जिभेवर थेंब घेतला.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

"किती वेळात?"

"बढतीची गोष्ट होईपर्यंत," भाची म्हणाली.

बाईंनी पुन्हा एक थेंब घेतला. माझ्याकडे व्हिनेगर व्हायला अख्खा पावसाळा लागतो, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी टेबलावरून एक नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली. मंडळातल्या प्रत्येकापुढे ग्लास होता, मामांपुढे कोमट पाणी.

"ह्यांना का दिली नाही?"

नवरा टेबलावरचे ब्रेडचे तुकडे गोळा करू लागला. पदार्थाचं कारण त्याच्या ओठावर आलं होतं, पण ह्या बाईंसमोर ते सांगवेना. बाईंनी एक स्वच्छ ग्लास घेतला, बाटलीत उरलेलं त्यात ओतलं आणि तो मामांच्या हातात दिला. मामांनी दोन्ही हातांनी तो धरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते ही वाइन चाखत होते, आणि आता ती वाइन राहिलीच नव्हती. त्यांनी मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी तरारलं, कान लाल झाले, मान एका बाजूला ओढली गेली.

"छान आहे," ते म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना हसताना तिथे कुणीच पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून त्या मामांच्या शेजारी बसल्या आणि कचेरी किती वाजता सुटते, बस कुठली पडते, हे विचारू लागल्या.

त्या शनिवारनंतर मामा रेस्टॉरंटात फक्त जेवायला येऊ लागले, तेही जेव्हा कुणी वाइन घेत नसेल तेव्हा. गर्दी ओसरली, पण सगळीच नाही. आंबलेल्या वाइनच्या सॅलडसाठी खिडकीजवळचा तो माणूस मित्रांना घेऊन यायचा, आणि भाचीचं बिनगुठळीचं सूप होतंच. पेट्या अजून अर्ध्याअधिक उरल्या होत्या. एकदा नवरा तळघरात एक बाटली उघडून, चव उतरली का बघावी म्हणून ग्लास तोंडाला लावत होता, तेव्हा भाची ओव्हनकडे तिरकी होऊन जाता जाता त्याला पेट्यांवरून फाडफाड बोलली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. वाइन स्वर्गीय लागली. अक्रोड आला, संत्र्याची साल आली, लाकडांचा धूर आला. नवऱ्याने डोळे मिटून घोट गिळला आणि कोणाजवळ एक अक्षर काढलं नाही. तेवढी अक्कल त्याला आली होती.

मामा संध्याकाळी कारखान्यावर जातात. विटांची लांबट शेड आहे, आत लाकडी पिंपांच्या दोन रांगा, आणि असा वास की आत शिरल्या शिरल्या डोळे चुरचुरतात. मधल्या वाटेत एक स्टूल असतं. मामा त्यावर बसून पिंपांना दिवसभरात काय काय चांगलं झालं ते सांगतात. बसमध्ये एका पोरीने उठून जागा दिली. हॉस्पिटलातली लिफ्ट काय मऊ थांबते. पिंपांतून बारीक बुडबुड ऐकू येते. मधूनमधून बाई येतात, लांब दांड्याच्या पळीने चव बघतात आणि म्हणतात, "हे झालं. पुढच्याकडे सरका." मामा स्टूल उचलून पुढे सरकतात. ज्या दिवशी ते फारच खुशीत असतात त्या दिवशी बाई त्यांना दाराशी उभं करतात, नाहीतर माल हाताबाहेर जातो.

एका रविवारी भाची ताजा ब्रेड घेऊन तिथे गेली होती. परत निघताना तिने विचारलं, "मामा, तुला तिकडची आठवण येते का रे? एवढी माणसं यायची तुझ्यासाठी."

मामांनी विचार केला. "माणसं चांगली होती," ते म्हणाले. "पण रोज आठवावं लागायचं गं, आपलं काय काय वाईट झालं ते. दमायला व्हायचं."

बाईंनी दारातून हाक मारली, की तिसऱ्या पिंपापाशी आणखी बसलात तर त्याने भिंतीचा रंग निघेल. मामा म्हणाले, आलोच, त्या कंडक्टरची गोष्ट अर्धी राहिली आहे. बाई आत आल्या. मग कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून घेतलं, पळी मांडीवर आडवी ठेवली आणि पुढे काय झालं ते ऐकायला बसल्या.